वडिलांची ठेव मोडून विम्याचा हप्ता?

नाशिकरोडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४. पुण्यात नऊ वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, अडीच वर्षांपूर्वी ती सोडली आणि एकट्याने व्हिडिओ गेम बनवायला घेतला. भाडं वाचावं म्हणून बिऱ्हाड आईवडिलांच्या घरी हलवलं. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३२ हजार. मुलगी साडेचार वर्षांची. गेम आहे कसारा घाटातला: चढणीवर मालगाडीला मागून जोड इंजिन लावायचं, पॅसेंजर खोळंबू द्यायची नाही, उतरणीला ब्रेक सांभाळायचे. विकायचा आहे स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात; 'नंतर घेईन' म्हणून लोक तिथे गेम यादीत टाकून ठेवतात, ती विशलिस्ट. डेमो मी खेळून पाहिला. दुसऱ्याच गाडीला अडकलो, तेव्हा गेमच्या दर्जावर मी काही बोलणार नाही.

पत्रातला मुख्य भाग असा: "सकाळी लॅपटॉप उघडतो, पण दोन तास काहीच होत नाही. मग विशलिस्ट किती वाढल्या ते बघतो, दुसऱ्यांचे गेम किती खपले ते बघतो, तोवर जेवायची वेळ होते. पूर्वी रात्री दोनपर्यंत बसायचो, आता नुसताच जागा असतो. गेम ७० टक्के झालाय, अजून १४ महिने लागतील. वडील पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे १० लाख मोडून द्यायला तयार आहेत. ते घ्यावेत की पर्सनल लोन काढावं? पैशाची चिंता मिटली की उमेद परत येईल असं वाटतं."

विचारलेल्याचं उत्तर आधी देतो. दोन्ही नको.

पर्सनल लोन १० लाखांचं, पाच वर्षांचं, १४ टक्क्यांनी धरलं तरी महिन्याला २३ हजारांचा हप्ता बसतो. तुम्हाला उत्पन्न नाही, म्हणजे बँक पत्नीची पगारपत्रकं मागणार. ३२ हजारांतले २३ गेले की उरलेल्या नऊ हजारांत घर चालवायचं. बँक नाही म्हणाली की मोबाइलवरचं एखादं ॲप हो म्हणेल, याहून दुप्पट दराने. विषय संपला.

वडिलांचे पैसे. त्यांची दोन खाती आहेत, १५ लाखांचं आणि १० लाखांचं, दर ८.२ टक्के. वर्षाला साधारण दोन लाख पाच हजार व्याज. त्यावर आणि पीएफच्या जेमतेम पेन्शनवर ते दोघं जगतात. १० लाखांचं खातं मोडलं की दंड एक टक्का, म्हणजे १० हजार तिथेच गेले, आणि पुढे वर्षाला ८२ हजारांची, महिन्याला सुमारे सात हजारांची आवक बंद. वडील ६६ वर्षांचे आहेत. मुलासाठी बाप हो म्हणणारच. म्हणून त्यांना विचारायचंच नसतं.

पण मी थांबलो ते पत्राच्या शेवटी. १० लाख कशाला हवेत याचा हिशेब तुम्ही तीन ओळींत दिलाय. घरखर्च आणि चित्रकाराचं मानधन मिळून साडेचार लाख. मार्केटिंग एजन्सीला तीन लाख. आणि 'पॉलिसीचा हप्ता, अडीच लाख, पुढच्या महिन्यात'. जाता जाता लिहिल्यासारखी ही तिसरी ओळ आहे.

आता दुसरं गणित. घराला तुमच्याकडून ४८ हजार लागतात, त्यातले ३२ पत्नी भागवते, १६ तुम्ही. चित्रकार, संगीत, सॉफ्टवेअर मिळून १४ हजार. म्हणजे महिन्याची तूट ३० हजार. १४ महिन्यांचे झाले चार लाख वीस हजार. तुमच्याकडे एफडी, बचत खातं आणि म्युच्युअल फंड मिळून आहेत चार लाख. म्हणजे गेम पुरा करायला लागणारे पैसे जवळपास तुमच्याकडेच आहेत! वडिलांचे पैसे लागतायत ते तुम्हाला गळ्यात मारलेल्या दोन गोष्टींसाठी, हप्ता आणि एजन्सी. ८.२ टक्क्यांची ठेव मोडून साडेचार टक्क्यांची पॉलिसी भरायला निघाला आहात.

साडेचार कसे, ते सांगतो. नोकरी सोडल्यावर सहा-सात महिन्यांनी पीएफ खात्यात जमा झाला आणि आठवडा उलटायच्या आत बँकेतून रिलेशनशिप मॅनेजरचा फोन आला. तो योगायोग नव्हता, खात्यात मोठी रक्कम आलेली त्यांना दिसते. "एफडीसारखंच आहे सर, पैसे दुप्पट, वर गॅरंटी." तुम्ही अडीच लाख भरले ते एकदाच भरायचे आहेत असं समजून. १२ महिन्यांनी दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं की हप्ते १० वर्षं भरायचे आहेत. एकूण २५ लाख भरायचे आणि २० वर्षांनी ५० लाख घ्यायचे. दुप्पट खरंच होतात, पण दर पडतो वर्षाला साडेचार टक्के. तेच हप्ते पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी वाढले असते तर ७४ लाख झाले असते. पीपीएफची मर्यादा वर्षाला दीड लाख आहे हे मला माहीत आहे. मी दर दाखवतोय.

त्याहून वाईट गोष्ट तुम्ही जोडलेल्या प्रपोजल फॉर्मच्या फोटोत आहे. व्यवसाय: नोकरी. वार्षिक उत्पन्न: १४ लाख. त्या तारखेला तुम्ही नोकरी सोडून अर्धं वर्ष झालं होतं. फॉर्म मॅनेजरने भरला, सही तुमची. उत्पन्न शून्य असलेल्या माणसाला वर्षाला अडीच लाखांचा, १० वर्षांचा हप्ता कोणी शुद्धीवर असताना विकत नाही, म्हणून उत्पन्न लिहावंच लागलं. आणि विमा कोणाच्या जिवावर? तुमच्या, २५ लाखांचा. घरात कमावते कोण? पत्नी. तिच्या जिवावर एक रुपयाचाही नाही.

तिसरा हप्ता भरू नका. 'पण आधीचे पाच लाख बुडतील' ही भीती दाखवायला फोन येईल, म्हणून आकडे आधीच माहीत असू द्या. पॉलिसी २०२४च्या सुरुवातीची आहे, म्हणजे त्या वर्षी ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नव्या सरेंडर (पॉलिसी मुदतीआधी मोडण्याच्या) नियमांच्या आधीची. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली तर भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे दीड लाख हाती येतील. साडेतीन लाख गेले. दुखणारच. पण सरेंडर हा एकच रस्ता नाही. हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' करता येते: विमा आणि शेवटची रक्कम त्या प्रमाणात कमी होते, पुढे काही भरावं लागत नाही. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप केल्यास २०व्या वर्षी मिळणारी रक्कम. दुसरा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास असेल तर दीड लाखावर सात टक्क्यांहून थोडं जास्तच पडतं, मग ती तशीच पडू द्या. तीन लाखच असेल तर चार टक्केही पडत नाहीत, सरेंडर करून मोकळे व्हा.

प्रामाणिकपणे एक सांगतो. गेलेलं गेलं असं धरून फक्त इथून पुढचा हिशेब केला तर हप्ते चालू ठेवण्याचा दर पावणेसहा टक्क्यांपर्यंत जातो. पगार चालू असता तर मी कदाचित खांदे उडवून 'भरा' म्हटलं असतं. तुमचा पगार चालू नाही.

आता एजन्सी. तीन लाखांत १० हजार 'गॅरंटीड' विशलिस्ट. बँकेतल्या त्या मॅनेजरचा हा सख्खा भाऊ. तुमच्या ४,२०० विशलिस्ट डेमो खेळलेल्या, रेल्वेचं वेड असलेल्या माणसांच्या आहेत. पैसे देऊन आणलेल्या १० हजारांतले किती जण खिशात हात घालतील? तुम्ही धरलंय निम्मे: १४ हजारांतले सात हजार, प्रत्येकी १० डॉलर, झाले ६० लाख. मी असं धरतो: ४,२००पैकी दहातला एक पहिल्या आठवड्यात घेतो, ४२०. वर्षभरात त्याच्या तिप्पट, साडेबाराशे. १० डॉलरमधून सुरुवातीची सवलत, भारत-ब्राझीलमधली कमी किंमत, परदेशातले कर आणि परतावे जातात. दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत गेम परत करता येतो, हे विसरू नका. उरलेल्यातून स्टीमचे ३० टक्के. हाती साडेचार डॉलर पडले तर नशीब समजा. डॉलर ८८ रुपयांनी धरला तर वर्षाचे पाच लाख. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथे १५ टक्के कर कापला जाईल, स्टीमवरचा कराचा फॉर्म नीट भरला नाही तर ३० टक्के. त्याची वजावट इथल्या विवरणपत्रात मिळते, सीएला आधीच सांगून ठेवा. शिवाय या महिन्यात विकलेल्याचे पैसे येतात पुढच्या महिन्याच्या अखेरीस.

याहून जास्त होऊ शकतं. पण २०२४मध्ये एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले, त्यामुळे 'होऊ शकतं' यावर वडिलांचं खातं मोडता येत नाही.

आणि १४ महिन्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्यावर शंका नाही, कुणाच्याच १४ महिन्यांवर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायच्या संकेतस्थळावर, निधी मागितला. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि गेम बाजारात आला २०२०मध्ये. तुम्ही २० महिने धरा.

उमेदीबद्दल. मन हा माझा प्रांत नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट आहे, संकोच करू नका. पण तुमच्या पत्रातल्या तारखा लावून पाहिल्या तर गंमत दिसते. काम पहिल्यांदा अडलं ते गेल्या वर्षी मार्चमध्ये, दुसऱ्या हप्त्याच्या महिन्यात. आता अडलंय तेही तिसरा हप्ता तोंडावर असताना. हप्ता महिन्यावर वाटला तर २१ हजार होतात, म्हणजे तुमची खरी तूट ३० नव्हे, ५१ हजार आहे, आणि चार लाख त्यात आठ महिनेही पुरत नाहीत. १४ महिन्यांचं काम आणि आठ महिन्यांचे पैसे घेऊन बसलेल्या माणसाचं लक्ष विशलिस्टच्या आकड्यावर जाणारच. त्याला आळस म्हणू नका.

दुसरं, एरिक बॅरोनचं उदाहरण तुम्ही दिलंय. साडेचार वर्षं एकट्याने खपून २०१६मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' आणला आणि कोट्यधीश झाला. खरं आहे. त्या काळात त्याची जोडीदार कमावत होती, आणि तो स्वतः सिएटलच्या एका थिएटरात लोकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करत होता, हेही तितकंच खरं आहे. हा भाग कोणी भिंतीवर चिकटवत नाही. तुमच्याकडे नऊ वर्षांचा अनुभव आहे. आठवड्याचे दोन दिवस कंत्राटी काम घ्या. जुन्या कंपनीतल्या माणसांना फोन करायला लाज वाटते असं लिहिलंय, ती सोडा. महिना २५ हजार मिळाले तरी तूट उरते पाच हजारांची. २० महिन्यांचे एक लाख. गेमला चार दिवस मिळतात, आणि त्या चार दिवसांत बँकेचं ॲप उघडायचं कारण राहत नाही. तरी वेळ कमी पडला तर गेममधल्या ६० गाड्यांच्या ४० करा. घाट तोच राहतो.

उरलेल्या तीन लाखांतून आधी आरोग्यविमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर गेला, अडीच वर्षं पाचही माणसं उघडी आहेत, आणि पत्रात याबद्दल एक शब्द नाही! तुम्हा तिघांचा १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच विमा, २० हजारांच्या आसपास पडेल. आईवडिलांचा वेगळा, पाच लाखांचा, साधारण ५५ हजार. वडिलांचा रक्तदाब फॉर्मवर लिहा, कुणी 'गाळा' म्हटलं तरी लिहा. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू होण्याआधीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा, तो आजपासून मोजायला लागू दे. पत्नीचा ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, सहा-सात हजार. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटी नाही, तेवढं सुटलं. तुम्हाला टर्म आत्ता मिळणं अवघड आहे, उत्पन्नाचा पुरावा मागतील. कंत्राटी कामाचं एक विवरणपत्र भरून झालं की बघू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पांढऱ्या रेशनकार्डालाही आता पाच लाखांचं संरक्षण आहे, कार्ड काढून ठेवा. पण तिथे ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

हे सगळं भरून मूळ चार लाखांतले सव्वातीन लाखांच्या आतबाहेर राहतील. त्यातला एक लाख २० महिन्यांची तूट, बाकी अडीअडचणीला. वडिलांच्या खात्याला हात लागत नाही.

या आठवड्यात मात्र एक काम करा. हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी बँकेला दिलेली आहे, ती लेखी रद्द करा आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून आलात तर पुढच्या महिन्यात अडीच लाख गेलेले असतील. मग विमा कंपनीला तक्रार: फॉर्मवर नोकरी आणि १४ लाख उत्पन्न लिहिलंय, त्या तारखेच्या आधीचं कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जोडा, आणि भरलेले पाचही लाख परत मागा. फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी नको म्हणून परत करायची सुरुवातीची मुदत कधीच संपली, तिचा उल्लेखही करू नका. मुद्दा फसवून विकल्याचा आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील चालतच नाही, आणि नकार आल्यापासून वर्षभराची मुदत असते. मॅनेजरचे जुने व्हॉट्सॲप मेसेज उडवले नसतील तर आजच त्यांचे स्क्रीनशॉट काढा, 'एफडीसारखंच' असं ज्यात लिहिलंय तो सगळ्यात वर लावा.