बंद पडलेला ट्रॅक्टर ट्रकमध्ये कसा चढवायचा? (४५ एचपी, शेतात उभा, गॅरेज ३० किमी)

ट्रकचा मागचा फाळका उंच बांधाला किंवा मातीच्या धक्क्याला टेकवा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घ्या आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला चेन पुली (हाताने साखळी ओढून जड वजन खेचायचं साधन) बांधून सावकाश आत ओढा. माणसांनी ढकलून चढवू नका. या ताकदीच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २ टन असतं, त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर, त्यामुळे उतारावर तो मागे आला तर हातांनी थांबत नाही. म्हणूनच दोघांनी बाजूने चालत, चाक जरा पुढे सरकलं की मागे लाकडी ठोकळा सारायचा. थेट मागे कोणीही उभं राहायचं नाही, अगदी एक मिनिटही नाही.

आधी एवढं बघा:
- रोटाव्हेटर, नांगर काढून ठेवा. इंजिन बंद असताना अवजार उचलणारी मागची लिफ्ट चालत नाही, अवजार जमिनीत अडकतं.
- पॉवर स्टीअरिंग असेल तर ते फार जड वळेल. चाकं सरळ करूनच ओढायला लागा.
- साखळी पुढच्या अॅक्सलला बांधा, स्टीअरिंगच्या रॉडला कधीच नको, तो वाकतो.

वर गेल्यावर गिअर टाका, हँडब्रेक लावा, चारही चाकांना ठोकळे देऊन पुढून-मागून ताणून बांधा.

हे सगळं मागची चाकं मोकळी फिरत असतील तरच. न्यूट्रलमध्येही ती जाम असतील, तर गिअरबॉक्स किंवा ब्रेक अडकलाय. तेव्हा फरफटत ओढू नका, क्रेन बोलवा.