फेल रिपोर्टलाही जागा असते

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. फोन कर म्हणालीस, पण फोनवर मी भरकटतो आणि तू हो काका हो काका करत राहतेस, म्हणून लिहूनच देतो. तर तुर्भ्याच्या लॅबमधे लागून तुला जेमतेम काही महिने झालेत, स्टेनलेसच्या प्लेटचं सॅम्पल सकाळी आलं, माल अणुऊर्जेच्या कामाचा, आयजीसीचा, म्हणजे स्टीलच्या आतल्या कणांच्या (ग्रेनच्या) कडा गंजतात का ते बघणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट संध्याकाळी हवा, आणि सीनियर म्हणतो मागचा रिपोर्ट उघड, हीट नंबर (स्टीलच्या ओतीव लॉटचा नंबर) बदल, प्रिंट काढ, या मिलचा माल कधी फेल होत नाही.

आता ती टेस्ट म्हणजे कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधे सॅम्पल तासन्‌तास उकळायचं, मग वाकवायचं आणि वाकलेल्या जागी भिंगातून भेगा शोधायच्या, रात्र तर त्यातच जाते. सकाळचं सॅम्पल आणि संध्याकाळचा रिपोर्ट, म्हणजे तारखाच बोंब मारतायत की टेस्ट झालेली नाही. कुठलाही बरा ऑडिटर आधी हेच बघतो, इनवर्ड (आवक) रजिस्टर आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून.

आणि ते 'कधी फेल होत नाही' म्हणशील तर इंग्लंडमधे सेलाफिल्डला १९९९ साली नेमकं हेच झालं. बीएनएफएल कंपनी जपानच्या ताकाहामा प्लँटसाठी मॉक्स, म्हणजे युरेनियम-प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनाच्या पेलेट (छोट्या गोळ्या) बनवत होती. व्यास आधी मशीन मोजायचं, मग काही पेलेट काढून माणसांनी परत मोजायच्या. काहींना वाटलं मशीनने मोजलंय ना, मग कशाला, आणि त्यांनी जुन्या स्प्रेडशीटमधले आकडे उचलून नव्या लॉटला चिकटवले. गंमत बघ, तपासणीत निघालं की इंधन वापरायला सुरक्षितच होतं. तरी २००० मधे कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला जावं लागलं आणि जपानला पोचलेलं इंधन २००२ मधे जहाजाने परत आणावं लागलं. माल चांगला, पण कागदावरचा विश्वास गेला की चांगल्या मालालाही कोणी हात लावत नाही.

दुसरी केस मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत टकोमाच्या एका फाउंड्रीत नौदलाच्या अणुपाणबुड्यांसाठी स्टीलची कास्टिंग व्हायची. तिथली मेटलर्जिस्ट १९८५ पासून २०१७ पर्यंत फेल झालेले निकाल पास करत होती. काही टेस्ट उणे ७३ डिग्रीला करायच्या होत्या, तर तिचं म्हणणं की एवढ्या थंडीत पाणबुडी कुठे चालणार, ही अटच मूर्खपणाची. ऐकायला पटतं की नाही? पण अट का घातली हे ठरवणारा माणूस दुसरा असतो आणि त्याने तुझ्या आकड्यावर पुढचं गणित मांडलेलं असतं. रिअ‍ॅक्टरच्या व्हेसलचंच घे, म्हणजे ज्या जाड स्टीलच्या भांड्यात इंधन असतं त्याचं. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा बसून ते स्टील ठिसूळ होत जातं, आधी ज्या तापमानाला ते चिवट होतं त्याच तापमानाला पुढे तुटू शकतं. म्हणून नवं असतानाचा शार्पीचा (हातोड्याचा घाव घालून चिवटपणा मोजणाऱ्या टेस्टचा) आकडा हा पुढच्या ३०-४० वर्षांच्या हिशोबातली सुरुवातीची शिल्लक असते. तीच खोटी असेल तर पुढची सगळी बेरीज बरोबर करूनही उत्तर चूक. आणि ती बाई पकडली कोणी, तर तिच्या जागेवर यायला जो नवीन मेटलर्जिस्ट तयार होत होता त्याने, त्याला टेस्टच्या कार्डावरचे आकडे खटकले. २०२२ मधे तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली.

कोरियात तर मे २०१३ मधे कंट्रोल केबलच्या टेस्टचे कागद खोटे निघाले म्हणून चालू रिअ‍ॅक्टर बंद करायला लागले.

तुझा सीनियर काही राक्षस नाहीये, डिस्पॅचवाल्याचे दर दहा मिनिटांनी फोन येत असणार. पण त्याला हे सांग की फेल झालं तरी आभाळ कोसळत नाही. एनसीआर, म्हणजे माल अटीत बसत नाही असा कागद, निघतो, स्पेकमधे (ठरलेल्या अटींत) बसत असेल तर रीटेस्ट होते, आणि आयजीसीत फेल म्हणजे बऱ्याचदा क्रोमियम कार्बाइड ग्रेनच्या कडांना जाऊन बसलेलं असतं, प्लेट परत खूप तापवून, म्हणजे सोल्युशन अ‍ॅनील करून झटकन थंड केली की ठीक होऊ शकते, भंगारातच जाते असं नाही. न केलेल्या टेस्टला मात्र यातला एकही रस्ता नाही.

भांडायला जाऊ नकोस. सॅम्पल उकळायला लाव आणि सीनियरला दोन ओळींचा मेल टाक, टेस्ट अमुक वाजता चालू केली, रिपोर्ट उद्या मिळेल, बास. वाकवलेला तुकडा हीट नंबर लिहून जपून ठेव. जे डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर सही नाही, मग कितीही ओळखीतला माल असो. तरी रेटलंच तर क्वालिटी मॅनेजरकडे जा, एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या लॅबला तक्रार ऐकून नोंदवावीच लागते. हो, आणि ऑफिसचे कागद गुपचूप घरी आणू नकोस, त्याने तूच अडकशील.

घराचा हप्ता चालू आहे, माहितीये मला. नोकरीचं टेन्शन आलं तर सांग, तळोजा-अंबरनाथकडे अजून चार जण माझे फोन उचलतात. पण आत्ता तेवढी वेळ आलेली नाही. तो परत तोंडी म्हणाला की रिपोर्ट काढ, तर शांतपणे एवढंच विचार, सर, हे मेलवर टाकता का. बहुतेक वेळा तो मेल येतच नाही.

काका
चेंबूर