गुलमर्गसाठी बिब घ्यावी की साधी स्की पँट? आधी जॅकेट बघा

तुमचा प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत आठवडाभर गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचंय, ट्रेकिंगचं जॅकेट घरात आहे, फक्त पँट पुण्यातून घ्यायची आहे. मग डांगरीसारखी खांद्यावर पट्टे असलेली बिब घ्यावी की कमरेची साधी स्की पँट?

जॅकेटला आतून स्नो स्कर्ट नसेल तर बिब घ्या. असेल तर साधी पँट पुरते, आणि शिकणाऱ्याला तीच जास्त सोयीची पडते. निर्णय जॅकेटवर ठरतो, म्हणून आधी तेच तपासा.

स्नो स्कर्ट म्हणजे जॅकेटच्या आत कमरेभोवती शिवलेली रुंद पट्टी. तिला खाली इलॅस्टिक असतं आणि पुढे टिचबटणं. स्कीच्या जॅकेटला ती बहुधा असते, ट्रेकिंगच्या जॅकेटला सहसा नसते. हरिश्चंद्रगडावरच्या थंडीवाऱ्यासाठी घेतलेलं जॅकेट कितीही चांगलं असलं तरी ते आखूड असतं, कारण चढताना गुडघे मोकळे राहायला हवेत. शिकणारा माणूस बर्फात बहुतेक वेळा मागे बसकण मारून पडतो आणि तसाच पाच-दहा फूट घसरत जातो. घसरताना जॅकेट वर सरकतं, कमरेची फट उघडी पडते आणि बर्फ थेट पाठीला लागतो. अंगाच्या उबेने तो वितळतो, थर्मल ओलं होतं, आणि पुढचे तीन-चार तास कुडकुडण्यात जातात. बिबचं कापड पाठीवर आणि छातीपर्यंत चढलेलं असल्याने ही फटच राहत नाही.

घरी करून बघा: जॅकेट घालून हात डोक्यावर न्या, उकिडवे बसा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. पाठ दिसली तर तिथूनच बर्फ शिरणार.

काही साध्या पँटना काढता-लावता येणारे खांद्याचे पट्टे असतात. त्यामुळे पँट खाली सरकत नाही एवढंच. फट तशीच राहते, म्हणून पट्टे आहेत एवढ्यावरून तिला बिब समजू नका. तसंच काही जॅकेटना पँटशी जोडायची बटणं किंवा हुक असतात. ते बहुधा त्याच कंपनीच्या पँटला बसतात, तेव्हा दुकानात जॅकेट सोबत न्या.

आता बिबची दुसरी बाजू. पहिले दोन-तीन दिवस उतारावर वर नेणाऱ्या स्की लिफ्टपेक्षा पायीच जास्त चढावं लागतं, आडवं आडवं, स्की घालून, पुन्हा पुन्हा. गुलमर्गचं गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथे फेब्रुवारीत दिवसा तापमान शून्याच्या आसपास असलं तरी या मेहनतीने घाम फुटतो. भराव घातलेली जाड बिब असेल तर छाती-पाठ दोन्ही कोंडतात. ती मधेच उतरवताही येत नाही, कारण आधी जॅकेट आणि मग स्कीचे बूट काढावे लागतात. म्हणून भराव नसलेली किंवा अगदी हलक्या भरावाची बिब बघा आणि ऊब थर्मलने कमी-जास्त करा. मांडीला जाळीच्या अस्तराची चेन असेल तर उत्तम. चढताना उघडायची, खाली येताना बंद करायची. काही बिबचा छातीचा भाग पातळ, ताणणाऱ्या कापडाचा असतो. शिकणाऱ्याला माझ्या मते तीच योग्य.

स्वच्छतागृहाचा मुद्दा लोक विचारायला लाजतात, पण दिवसभराच्या सोयीसाठी तो महत्त्वाचा आहे. साधी पँट इथे सरळ जिंकते. बिबचे पट्टे सोडायला जॅकेट काढावं लागतं, आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात ते सुटलेले पट्टे ओल्या फरशीवर लोळतात. महिलांनी बिब घेताना मागे किंवा कडेने कमरेभोवती उघडणारी चेन आहे का, ते पाहावं. ती असेल तर पट्टे न सोडता काम होतं, पाळीच्या दिवसांत तर तिचा फार आधार वाटतो. अशी चेन दुकानातच, थर्मल घालून, दोनदा उघडून-मिटून बघा. हात मागे पोचत नसेल तर तिचा उपयोग नाही. पुरुषांच्या बिबला पुढची चेन पुरेशी खालपर्यंत आहे ना, तेही पाहा.

माप घेताना बहुतेकांची चूक होते. साध्या पँटला कंबर आणि आतली लांबी पुरते. बिबला खांद्यापासून आसनापर्यंतची उंचीही जुळावी लागते. कंबर बरोबर बसली पण धड लांब असलं, तर वाकलं की पट्टे खांद्याला काचतात आणि आसन वर ओढलं जातं. थर्मल घालून बिब चढवा, उकिडवे बसा, मांडी घाला, एक गुडघा छातीपर्यंत आणा. तिन्ही वेळा खांद्यावर ओढ जाणवली नाही आणि पट्टे दोन्हीकडे अजून थोडे सैल-घट्ट करता आले, तर माप योग्य. पाठीवर सॅक घेणार असाल तर तीही लावून बघा. पट्ट्याचं बक्कल सॅकच्या पट्ट्याखाली येऊन गळपट्टीच्या हाडावर रुततं. कमरेला मात्र बिबचा फायदा होतो, कारण सॅकच्या कमरपट्ट्याखाली दुसरा पट्टा दबत नाही.

लांबी नेहमीच्या पँटपेक्षा तीन-चार सेंटीमीटर जास्तच हवी. स्कीच्या बुटात गुडघे वाकलेले राहतात आणि पँट वर जाते. लांब वाटली म्हणून शिंप्याकडे बॉटम कापून घेऊ नका. आत गेटर असतो, म्हणजे बुटावर चढणारी इलॅस्टिकची बाही. कापताना तो बिघडतो, आणि नव्या शिवणीच्या सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. गेटर बुटाच्या बाहेरून यायला हवा. पँट किंवा थर्मलच्या चुण्या बुटात खोचल्या की नडगीला तास-दोन तासांत वळ उठतात. मोजेही एकच जोड, पातळ आणि लांब.

पाण्याच्या आकड्याला दोन्ही प्रकारांत सारखंच महत्त्व आहे. लेबलवरचे ५,००० किंवा १०,००० मिलिमीटर म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब झेलतं. १०,००० मिमी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. ६० किलोच्या माणसाने दोन्ही गुडघे टेकले आणि टेकलेली जागा मिळून ६० चौरस सेंमी धरली, तर दाब तेवढाच येतो. म्हणून बर्फात सतत बसणाऱ्या-टेकणाऱ्या शिकाऊ माणसाने १०,०००च्या खाली जाऊ नये. शिवणींवर आतून टेप आहे का, हे उलटी करून पाहा; निदान आसनाच्या आणि गुडघ्याच्या शिवणींवर तरी हवीच. बॉटमच्या आतल्या कडेला जाड कापडाचा तुकडा असावा, नाहीतर स्कीची धार तिथे कापते. पावसाळी ट्रेकची रेनपँट त्याच कारणाने चालत नाही. तिला गेटरही नसतो. जीन्सचा तर विचारच नको, सुती कापड भिजलं की वाळत नाही.

आठवड्यासाठी खर्च नको असेल तर गुलमर्गला पँट भाड्यानेही मिळते, पण बिब मापाची मिळेलच असं नाही. भाड्याच्या पँटवर गुडघ्यापाशी बाटलीतलं पाणी ओता. थेंब घरंगळले तर घ्या, डाग पसरला तर दुसरी मागा.

विकत घेतलीत तर पुण्याच्या पावसाळ्यात जपावी लागेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या पँटचा आतला पीयूचा (पॉलीयुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर दमटपणाने चिकट होतो आणि नंतर पापुद्रे सुटतात. मग ती दुरुस्त होत नाही. चेन लावून, ३० अंशांवर थोड्या द्रव साबणाने, फॅब्रिक कंडिशनर न घालता धुवा आणि दोनदा खळबळून काढा. पूर्ण वाळली की हँगरला सुती पिशवीत लटकवा. जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून कपाटाबाहेर काढून पंख्याखाली ठेवा. पाणी घरंगळायचं कमी झालं असेल, तर लेबलवर परवानगी असल्यास वर सुती कापड टाकून वाफेशिवाय मंद इस्त्री फिरवा.