वाचकांचे प्रश्न : जुनी चेतक पुन्हा जोडताना

प्रश्न : आबाजींची १९७८ची बजाज चेतक स्कूटर पूर्ण खोलली आहे. चेसिस रंगून आली, ब्लॉकचं बोअरिंग झालं, बाकी सामान पडवीत डब्यांत पडून आहे. मिस्त्री म्हणतो, आधी इंजिन चढवून टाका, बाकी मागून होत राहील. बरोबर आहे का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही. इंजिन बसलं की केबलींची टोकं जिथून बाहेर येतात तिथे हात शिरत नाही. मग ओढाताण होते आणि नवा रंग खरचटतो.

सुरुवात भोकांतला रंग काढण्यापासून करा. प्रत्येक भोकाच्या आट्यांत रंग गेलेला असतो. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे मोकळे करा, नाहीतर बोल्ट तिरपा जाऊन आटेच खाईल. अर्थिंगची वायर जिथे बसते तिथलाही रंग खरवडून पत्रा उघडा करा. जोडणीनंतर लाइट मंद लागतो किंवा हॉर्न वाजत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

मग चेसिसच्या पोकळीतून गिअरच्या दोन केबली, क्लच, ॲक्सिलरेटर, मागचा ब्रेक आणि वायरिंग ओढून घ्या. गिअरच्या केबलींना दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा. त्या आपसात बदलल्या तर गिअर उलटे पडतात आणि सगळं पुन्हा सोडावं लागतं.

त्यानंतर फोर्क. पुढचा मडगार्ड आधी फोर्कवर चढवायचा, कारण फोर्क चेसिसमध्ये गेल्यावर तो घालता येत नाही. पुढच्या ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल फोर्कच्या नळीतून जाते, तीही याच वेळी ओवा. हँडलच्या बेअरिंगचे छर्रे भरपूर ग्रीसमध्ये चिकटवून वाट्यांत बसवा. वरची रिंग घट्ट करून साधारण पाव फेरा मागे घ्या, मग लॉकची रिंग आवळा. पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे आणि फोर्क मागेपुढे हलवल्यावर खटखट वाजता कामा नये. रिंग जास्त आवळली तर वाट्यांवर छर्ऱ्यांचे खड्डे पडतात आणि हँडल सरळ रेषेत अडकायला लागतं.

आता ब्रेकचं पायडल, मग इंजिन. याला दोन माणसं हवीत. एकाने चेसिस मागून उचलावी, दुसऱ्याने इंजिन आत सरकवावं. इंजिन चेसिसला धरणाऱ्या लांब बोल्टला ग्रीस लावाच. कोरडा घातलेला बोल्ट काही वर्षांनी गंजून बुशात असा धरतो की कापूनच काढावा लागतो. रबरी बुश जुने असतील तर याच वेळी बदला, नाहीतर मागचं चाक डुलतं. कार्ब्युरेटरच्या डब्यापासून चेसिसपर्यंतचा रबरी भाताही नीट बघा. तो फाटका असला तर कापसाच्या वावराकडे जाणाऱ्या रस्त्याची सगळी धूळ थेट इंजिनात जाते आणि नव्या रिंगा लवकर घासतात.

मागच्या चाकाच्या हबचा नट ७५ ते ९० न्यूटन-मीटर आवळून पिन घाला. टॉर्क पाना तालुक्याच्या ट्रॅक्टर वर्कशॉपात विचारा. नट ढिला राहिला की हबचे दाते खाल्ले जातात. रिम दोन भागांची असते, ते भाग जोडणारे नट ट्यूबमध्ये हवा असताना कधीही सोडू नका.

टाकी सगळ्यात शेवटी. पेट्रोलचा पाइप कार्ब्युरेटरकडे सतत उतरता असावा. लांब ठेवून वळसा दिला की हवा अडकते.

प्रश्न : जोडणीनंतर गाडी सुरू होते, पण पांढरा धूर थांबत नाही. गरम झाली की ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. (घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : कार्ब्युरेटर सोडा, क्रँकचे ऑइल सील बघा. दोन तक्रारी म्हणजे बहुधा दोन सील. क्लचकडचं सील गळत असेल तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं, तो पांढरा धूर. लेव्हलच्या स्क्रूमधून ऑइल कमी झालंय का ते पाहा. मॅग्नेटकडचं (पंख्याच्या बाजूचं) सील गळत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आपोआप पळतं. अशी गाडी मे महिन्यात चालवू नका, पिस्टन धरेल, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम होईल.

मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा, हातोडा मारू नका. कॉइलची प्लेट सोडण्याआधी प्लेट आणि केसिंगवर मिळून एक रेघ ओढा, कारण टायमिंग त्या प्लेटवर असतं. प्लेटच्या मागे ओलं, काळं दिसलं तर सील गेलं. नवं सील कोरडं घालू नका. क्रँकवरच्या चावीच्या खाचेवर टेप लावा, सीलच्या ओठाला (आतल्या कडेला) ऑइल लावा, मग सरळ दाबा. ती खाच सीलचा ओठ कापते, आणि नवं सील पहिल्या दिवशी गळण्याचं कारण बहुधा हेच असतं. बंद करताना मॅग्नेटचा नट ६० ते ६५ न्यूटन-मीटर, पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.५ मिमी.

आणखी एक. पंख्याचं कव्हर आणि ब्लॉकवरचं झाकण काढून इंजिन चालवत ठेवू नका. हवा ब्लॉकपर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑइल किती? गिअरबॉक्समध्ये कोणतं? (मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : चेतकला दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. नव्या रिंगांवर पहिले ५०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. गिअरबॉक्सला एसएई ३०, सुमारे २५० मिली. कारचं महागडं ऑइल घातलं की क्लच घसरतो. क्लचच्या नव्या कॉर्क प्लेटा बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगतात. पाइप आणि कॉकचे वॉशर नवे घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

प्रश्न : आमची स्कूटर १९७४ची आहे. व्हिंटेज नोंदणी करावी का? (उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकीला ती मिळू शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. पण ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. बाजारहाटाला न्यायची असेल तर साध्या आरसीचं नूतनीकरणच करा.