45 पाउंडांच्या लाँगबोवरून 45–50 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा) लाकडी बाण डावीकडे जातात. रिलीज (दोरी सोडणं) सुधारू की बाण बदलू?

बाण बदला. रिलीजचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय की धनुष्य 45 पाउंडांचं आहे, तुमची ओढ (दोरी मागे खेचता ते अंतर) 26 इंच, हात उजवा. सीडरच्या लाकडाच्या बाणांचा ‘मॅच केलेला’, म्हणजे सगळे एकसारखे असलेला, डझन घेतला आणि बाण शेपूट हलवत डावीकडे लागतो. शिवाय एका अनुभवी माणसाने सांगितलं की बाण ठीक आहेत, तुमची बोटं चुकतायत. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य माझ्या भाचीने अख्खा एक मोसम ऐकलंय.

भाची तेव्हा शाळेत होती. अंगाने बारीक, पण अँकर पक्का, दर वेळी हनुवटीखाली त्याच जागी हात. आमच्या क्लबात एक ज्येष्ठ होते. स्वतः उत्तम मारायचे, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. क्लबचे बाण एका पिंपात असायचे, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचे. हिचे बाण कायम डावीकडे. मग सुरू: ‘बोटं सैल सोड’, ‘हात झटकू नकोस’, ‘घरी सराव कर’. पोरगी घरी आरशासमोर उभी राहून रिकाम्या हाताने बोटं उघडायची. एकदा जेवताना मला म्हणाली, “मामा, माझी बोटंच वाकडी आहेत का रे?”

मी काही बोललो नाही. पिंपातले बाण मागून घरी आणले आणि स्पाइन मोजायचं साधन बनवलं. फळीवर 26 इंच अंतराने दोन खुंट्या, त्यांवर आडवा बाण, मधोमध दोन पाउंडांचं, म्हणजे 907 ग्रॅमचं वजन. बाण जितके इंच वाकेल त्याने 26 ला भागायचं, आलेला आकडा पाउंडांतला स्पाइन. 0.65 इंच वाकला तर 40, 0.52 इंच वाकला तर 50. मिलिमीटरमध्ये बघा, 40 आणि 50 मध्ये जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा फरक! नुसत्या पट्टीवर डोळ्याला तो धड कळत नाही, म्हणून एक हलकी काडी तरफेसारखी लावली. मधला वाक काडीच्या टोकाशी चौपट दिसायला लागला.

पिंपातल्या सगळ्या बाणांवर 40–45 चा शिक्का. प्रत्यक्षात कोणी पस्तिशीच्या आसपास, कोणी पंचावन्नच्या वर. त्यातही एकच बाण पाव फेरी फिरवला की आकडा बदलायचा. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं ताठ नसतं. मागच्या टोकाकडून पाहिलं की वाढीच्या वर्तुळांच्या रेषा दिसतात. नॉकची, म्हणजे दोरी बसते त्या मागच्या टोकाची, खाच त्या रेषांना आडवी हवी, म्हणजे ताठ बाजू धनुष्याकडे येते आणि दोरीच्या दणक्याने शाफ्ट (बाणाची काठी) रेषेवरून चिरत नाही. या बाणांचे नॉक कसेही चिकटवलेले. मग सामान तोलायचा काटा दोरीला अडकवून भाचीच्या ओढीचा जोर मोजला. तिच्या पूर्ण ओढीला भरले फक्त 25 पाउंड.

हे सगळं कागदावर लिहून नेलं. ज्येष्ठांनी कागद बघितलाही नाही. म्हणाले, “चांगला बाण वाकतच नाही. वाकतो तो कचरा.”

आता हे नवशिक्याने म्हटलं तर समजू शकतं. बाण धनुष्याच्या बाजूला टेकलेला असतो आणि दोरी मात्र त्याचं शेपूट धनुष्याच्या मधल्या रेषेकडे ढकलते. तरी बाण नेम धरला तिथे जातो. या कोड्याला ई. जे. रेंडटॉर्फ यांनी 1913 मध्ये ‘आर्चर्स पॅरडॉक्स’ म्हटलं, आणि 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांच्या अतिवेगवान चित्रीकरणाने ते सुटलं: बाण सुटताना वाकतो आणि मुठीला वळसा घालून पुढे जातो. वाकायलाच हवा, पण त्या धनुष्याच्या जोराला साजेल इतकाच. जास्त ताठ असेल तर वळसा घेता येत नाही, मूठ त्याला डावीकडे ढकलते. जास्त मऊ असेल तर उजवीकडे.

ज्येष्ठांनी उपाय काय सुचवला? पिसं मोठी लावा. मोठी पिसं म्हणजे किडलेल्या दाढेत धरलेली लवंग, ठणका थांबतो पण कीड तिथेच. शेपूट लवकर सावरतं, पण बाणाचा वेग त्यात खर्च होतो आणि बाण डावीकडे जायचा तो जातोच.

शेवटी मी 11/32 इंची शाफ्ट सोडून 5/16 चे घेतले. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे लाकूड तेच असलं तरी एवढ्याशा फरकाने तो जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. तेही ताठच निघाले, म्हणून पॉलिश पेपर गुंडाळून घासायचे, मोजायचे, परत घासायचे. एका बाणाला पिसं लावलीच नाहीत. जवळून मारल्यावर पिंपातला बिनपिसांचा बाण शेपूट उजवीकडे करून घुसायचा. हा नवा पिसंवाल्यांच्या शेजारी सरळ घुसला. तिने सगळे बाण एका झुबक्यात मारले. ज्येष्ठ मागे उभे होते. म्हणाले, “आज बोटं बरी सोडली हिने.”

असो. तुमचं गणित. धनुष्यावरचे 45 पाउंड सहसा 28 इंचांच्या ओढीला असतात. तुमची ओढ 26, म्हणजे इंचाला अडीच धरून हातात 40 च्या आसपास. बाण 27 इंचांना कापला असेल तर 28 पेक्षा आखूड म्हणून आणखी पाच वजा. लाँगबो बाण टेकतो त्या जागी मध्यापर्यंत कापलेला नसेल तर अजून पाच. 125 ग्रेन (सुमारे 8 ग्रॅम) वजनाचा पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, धरून मी 30–35 आणि 35–40 दोन्हींतले थोडे शाफ्ट आणेन आणि न कापता, बिनपिसांचे मारून बघेन. लांब बाण मऊ वागतो. ताठ करायचा असेल तर अर्धा-अर्धा इंच कापत या. कापलेलं परत जोडता येत नाही. आहे त्याच डझनावर प्रयोग करायचा तर पॉइंट जड लावा, पण 45–50 चे शाफ्ट त्याने पुरेसे मऊ होतील असं मला वाटत नाही. दुकानाच्या ‘मॅच’ शब्दावर विसंबू नका. स्पाइन स्वतः मोजा, आणि वजनातही बाणाबाणात दहा ग्रेनपेक्षा जास्त फरक नको.

हे आधी सांगायला हवं होतं: डावं-उजवं मी लिहिलंय ते उजव्या हाताने, बोटांनी दोरी ओढून, बाण मुठीच्या डाव्या बाजूला ठेवणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. अंगठ्याने ओढून बाण दुसऱ्या बाजूला ठेवणाऱ्यांनीही. डावं-उजवं तपासण्याआधी दोरीवरची नॉकची उंची ठरवा, नाहीतर शेपूट वर-खाली उडेल आणि त्यात बाकीचं काही कळणार नाही. बाण मुठीला घासत नाही ना, तेही बघा, कारण घासणारा मऊ बाणसुद्धा ताठ असल्यासारखा वागतो. पिसं एका बाणावर एकाच बाजूच्या पंखाची हवीत. आणि हो, रिलीजने फरक पडतोच, मी नाही म्हणत नाही. तुमचे पिसंवाले बाण अजून एका जागी पडत नसतील तर बिनपिसांची चाचणी काहीच सांगणार नाही. पण ते एका जागी, फक्त डावीकडे पडत असतील, तर बोटांना बोल लावणाऱ्याला आधी स्पाइन मोजून दाखवायला सांगा.

मारण्याआधी प्रत्येक बाण हलकेच वाकवून, कानाशी धरून करकरतो का बघा. करकरला तर मोडून टाका, कोणाला देऊ नका. बाकी धडधाकट राहतील ते 45–50 चे बाण क्लबातल्या तुमच्याइतकीच ओढ पण जास्त जोराचं धनुष्य असलेल्या माणसाला द्या, त्याला बरोबर बसतील.