ब्रिक्ससारख्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट) सहकार्यातून आफ्रिकी देशांना खरोखर काय मिळतं?

मिळतं, पण ते शिखर परिषदेच्या फोटोत शोधू नका. तुरीच्या पोत्यात शोधा.

मी डाळीच्या धंद्यातला माणूस, मूळचा लातूरचा. एका खरेदीदार कंपनीकडून सुगीत माल बघायला मोझांबिकच्या उत्तरेला, नामपुला प्रांतात जायचो. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोदी मोझांबिकच्या राजधानीला, मापुतोला गेले तेव्हा तुरीचा करार झाला: पहिल्या वर्षी 1 लाख टन, वाढवत 2020-21 पर्यंत 2 लाख टन. आदल्या वर्षी आपल्याकडे तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती, म्हणून ही घाई.

तिकडे बातमी पोचायला वेळ लागला नाही. सायकलच्या कॅरिअरला पोती बांधून माणसं खरेदीच्या वखारीवर यायची. पोत्यात परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारायची, दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडून ओल बघायची. ही तूर तिकडे थोडी खातात, बाकी सगळी आपल्यासाठी. मुंबईच्या बाजारात तिला ‘गजरी’ म्हणतात. भारताला कितीही लागणार, असं दलाल सांगत सुटले आणि लोकांनी मका, भुईमूग कमी करून तूर पेरली.

5 ऑगस्ट 2017 ला दिल्लीने आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. तिकडे नेमकी काढणी चालू. करारातलं प्रमाण या मर्यादेतून वगळलं होतं हे खरं, पण पेरा काही कराराचा आकडा बघून झाला नव्हता. भाव इतका कोसळला की एक म्हातारा पोती वखारीच्या दारातच टाकून रिकामी सायकल घेऊन गेला. परत नेणंही परवडत नव्हतं.

त्याच वर्षी इकडे आमचे दाजी, बहिणीचे यजमान, हमीभाव केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून बसले होते. हमीभाव बोनससकट क्विंटलला 5050 रुपये, पण बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून माप बंद. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत बसली की सुरू: “तुझ्या आफ्रिकेनं आमचं वाटोळं केलं.” अहो दाजी, देशातलं तुरीचं उत्पादन एका वर्षात 25-26 लाख टनांवरून 48 लाखांच्या पुढे गेलं. त्यात मोझांबिकच्या कराराचं 1 लाख टन म्हणजे किती? तुमचाही भाव पडला आणि त्या सायकलवाल्याचाही, कारण धोरण वर्षभरात फिरलं. दोघांचं भांडण लावून देण्यात कुणाचा फायदा, तेवढं बघा.

आता तुमचा प्रश्न. ब्रिक्सची बँक 2015 मध्ये शांघायला सुरू झाली, 2017 मध्ये जोहान्सबर्गला तिचं आफ्रिकेसाठी केंद्र आलं. 1 जानेवारी 2024 पासून इजिप्त आणि इथिओपिया ब्रिक्समध्ये आहेत. चांगलंच आहे. पण आफ्रिकेत 54 देश आहेत आणि मोझांबिकसारखे बहुतेक या गटाच्या बाहेरच. त्यांच्या शेतकऱ्याला कुठल्या गटाच्या जाहीरनाम्यापेक्षा आपल्यासारख्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं दार उघडं आहे की बंद, हेच महत्त्वाचं. 2021 मध्ये मोझांबिकचा तो तुरीचा करार वर्षाला 2 लाख टनांप्रमाणे 2025-26 पर्यंत वाढवला, मलावीशीही 50 हजार टनांचा झाला. पण आपण तिकडून अख्खी तूर आणतो आणि भरडतो इकडे. गिरणीचा रोजगार आपला, चुनी-कोंडा, म्हणजे भरडताना उरणारं पशुखाद्य, तेही आपलं. आफ्रिकी सरकारांनी डाळ गिरण्या मागाव्यात, असं माझं स्पष्ट मत. आमच्या मालकांसमोर ते बोलायची सोय नव्हती.

हे सगळं एका पिकावरून बोलतोय, हे लक्षात घ्या. चीनची कर्जं, केनियातली मोम्बासा-नैरोबी रेल्वे, खाणी हे प्रकरण वेगळं, त्यात मला गती नाही. शिवाय माझा पगार याच आयातीतून निघायचा, तेव्हा दाजींची बाजूही एकदा ऐकून घ्या.

अभ्यासासाठी विचारत असाल तर जाहीरनाम्यांत वेळ घालवू नका. डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) तूर आयातीच्या अधिसूचना 2016 पासून काढा आणि प्रत्येकीची तारीख दोन्हीकडच्या पेरणी-काढणीच्या महिन्यांशेजारी लिहा. दाजींनाही हेच सांगितलं होतं, ते म्हणाले तूच काढ आणि वाचून दाखव.