घरचं बीपी, घरची शुगर : वाचकांचे प्रश्न

द्राक्षांची खुडणी सुरू आहे. मळ्यातून आल्यावर ग्लुकोमीटरवर शुगर २६०, तासाभराने लॅबमध्ये १५८. मशीन बिघडलं का? (पिंपळगाव बसवंत)

बहुधा मशीन नव्हे, बोट. द्राक्षाचा रस बोटाला राहिला की त्यातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच चढतो. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मग बोटाच्या कडेला टोचा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. घरच्या आणि लॅबच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. तुमचा त्याहून कितीतरी जास्त आहे, म्हणून या एका आकड्यावरून इन्सुलिन मुळीच वाढवू नका. हात धुऊन पुन्हा तपासा.

बीपी आधी १४८, पाच मिनिटांनी १३२. अ‍ॅपमध्ये कोणतं भरू? (सिडको)

दोन्ही भरा, पण आधी मोजण्याची पद्धत सुधारा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं ७ दिवस. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी बीपी जास्तच दिसतं, म्हणून दंडाचा घेर टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा. स्मार्टवॉचमध्ये दिसणाऱ्या बीपीवर औषध ठरवू नका.

आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) काढला की माझे रिपोर्ट कुणालाही दिसतात का? (नाशिकरोड)

नाही. १४ अंकी क्रमांक ही फक्त ओळख. रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाहीत. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगू नका.

व्हिडिओ पाहून वडिलांनी बीपीची गोळी सोडली. बीपी १२४ आहे, मग गोळी कशाला? (पंचवटी)

ते १२४ बहुतेक गोळीमुळेच आहे. काही गोळ्यांचा परिणाम सोडल्यावरही काही दिवस टिकतो, मग बीपी हळूहळू चढतं आणि चढताना जाणवतही नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर धडधड वाढते, हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकतं. आजच डॉक्टरांना फोन करा. गोळीचं नाव, डोस, सोडल्याची तारीख आणि तेव्हापासूनचे सगळे आकडे सांगा. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर मोबाइलवर शोधत बसू नका, थेट १०८ लावा.